पाठीवरचा हिवाळा

हिवाळा मला आधी खांद्यात कळतो, मग हवेत. सकाळी अंगावर पट्टे चढवताना डाव्या खांद्याच्या हाडाशी एक जुना ठणका जागा होतो आणि मी मनात म्हणतो, आला. घरापासून रेल्वेनं दोन-अडीच दिवस लांब असलेल्या या डोंगरातल्या छावणीत तो जरा लवकरच येतो. नळाचं पाणी दातांना लागतं, चहाच्या मगाभोवती मिटलेली बोटं उघडता उघडत नाहीत. आणि समोरच्या मैदानावर नव्यानं भरती झालेली पोरं पाठीवर पिठ्ठू घेऊन पळायला लागतात. पाठीवर बांधायच्या पिशवीला फौजेत पिठ्ठू म्हणतात. भरलेल्या पिठ्ठूचे जाड कापडी पट्टे पळताना करकरतात. आता पगार वेळेवर होतो, दोन वेळा पोटभर मिळतं, अंगावर लोकरीचा कोट आहे. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला याहून काय हवं? त्याबद्दल मी रोज मनातल्या मनात हात जोडतो. पण पट्टे करकरले की आधी मागं वळून बघतो, आपल्या मागचा माणूस येतोय ना.

याच दिवसांत आमच्याकडं, कुंडलच्या शिवारात, ऊस तुटायला लागलेला असतो. पहाटेच्या दवानं पाचट ओलं, कोयत्यांचा खचाखच आवाज, आणि कुठल्या तरी गुऱ्हाळावरून येणारा रस आटल्याचा तो गोड, जरासा करपलेला वास. माणसं दिसत नाहीत, नुसते भारे चालताना दिसतात. वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, हिरवा डोंगर बांधावरून डुलत येतो आणि त्याच्याखाली कुणाची तरी आई असते.

माझी आई अशीच यायची. डोक्यावर लुगड्याच्या धडप्याची चुंबळ, तिच्यावर भारा, एक हात वर, एक हात मोकळा. दमली तरी ती भारा खाली टाकायची नाही. वाटेत एक वाकडी बाभळ होती, तिच्या बुंध्याला भाऱ्याचं मागचं अंग टेकवायची आणि उभ्या उभ्याच दम खायची. सगळेच तसं करायचे. भारा एकदा जमिनीला लागला की तो पुन्हा डोक्यावर चढवायला दुसरा माणूस लागतो, आणि शिवारात ऐन वेळी दुसरा माणूस असेलच असं नाही. त्यामुळं आमच्याकडं विसावा बसून घेत नाहीत, उभ्यानं घेतात. हे मला कुणी शिकवलं नाही. चालायला शिकलो तसंच हेही शिकलो.

आणि दुसरा माणूस असला, तर त्याला नाही म्हणता यायचं नाही. पाण्याच्या पाळीवरून आई आणि चुलती यांचं बोलणं बंद होतं. एकमेकींच्या अंगणातून जायच्या नाहीत. एकदा आईचा भारा बांधावर निसटला. समोरून चुलतीच येत होती. आईनं तोंडातून शब्द काढला नाही, नुसती भाऱ्याजवळ वाकून उभी राहिली. चुलती आली, कमरेला पदर खोचला, दोघींनी मिळून भारा उचलला. चुलतीनं चुंबळ नीट बसलीय का ते बोटानं चाचपलं आणि तोंड फिरवून निघून गेली. मी आईला विचारलं, "बोलत न्हाईस आन् मग हात कसा लावून घेतलास?"

"भांडान पान्याचं हाय," आई म्हणाली. "वझ्याचं न्हाई."

वडलांच्या कमरेनं घात केला तेव्हा मी सातवीत होतो. गाडीपर्यंत मोळ्या न्यायला घरात माणूस नव्हतं. मी शाळेत जायचा थांबलो. मास्तर बांधावर येऊन म्हणाले, "अरे, डोक्यात भरायचं वय तुझं, आणि तू डोक्यावर घेतोयस." मला ते पटलंही होतं. पण मोळी डोक्यावर असताना मान हलवता येत नाही.

पुढं साताऱ्याला भरतीचं कळलं. मैदानाबाहेर आम्ही पोरं केळी खात बसलो होतो, वजन भरावं म्हणून. वर तांब्या तांब्या पाणी. काट्यावर उभा राहिलो तर भरती करणारा हवालदार म्हणाला, "ह्यो काटा हलत कसा न्हाई रं? पाखरू बसलंय का वर?" पोरं खिदळली. पण छाती फुगवली तेव्हा भरली, पळालो तेव्हा पुढं आलो, आणि त्यानंच माझा खांदा दाबून बघितला. वर्षानुवर्षं कधी डोक्यावर, कधी खांद्यावर वाहिलेल्या मोळ्यांनी तिथं गाठ आली होती. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, "ह्यो वझ्याचा बैल हाय." त्याचं नाव मला माहीत नाही. पण त्या दोन शब्दांनी माझ्या घरात चूल पेटली.

पायदळातल्या माणसाच्या अंगावर काय काय असतं, हे बघणाऱ्याला वाटतं त्याहून जास्त असतं. बंदूक सगळ्यांना दिसते. ग्रेनेड बरगडीला टोचतात ते दिसत नाही. कमरेला बांधलेलं फावडं प्रत्येक पावलाला मांडीवर तेवढ्याच जागी आपटतं. लोखंडी टोप मानेला खाली खाली ओढतो. बाटलीतलं पाणी अर्धं झालं की डुचमळून बोलायला लागतं, म्हणून ती एक तर गच्च भरलेली हवी नाहीतर रिकामी. कांबळं कोरडं असतं तेव्हा सोबती असतं, भिजलं की सावकार होतं. यातल्या प्रत्येक वस्तूचं एक म्हणणं असतं, मला टाकलंस तर मरशील. आणि त्या सगळ्या मिळून दुसरंच म्हणत असतात, आम्हाला नेलंस तर पोहोचणार नाहीस. या दोन म्हणण्यांच्या मध्ये सैनिक चालत असतो.

माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीचा. काही कमी पडेल याचीच भीती. त्यामुळं मी पहिलंच म्हणणं ऐकायचो.

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात आम्ही पूर्वेकडं होतो. जिकडं बघावं तिकडं भातखाचरं, तळी, केळी, सुपारीची उंच सरळ झाडं. कापणी अर्धी झालेली, अर्धी तशीच राहिलेली. माणसं गाव सोडून गेलेली. मी मशीनगनच्या जोडीतला दुसरा माणूस होतो. पहिला गन चालवतो, दुसरा तिच्या गोळ्यांची मॅगझिनं वाहतो आणि संपलं की भरलेलं पुढं करतो. माझा पहिला होता लान्सनायक ज्ञानू, शिराळ्याच्या पलीकडच्या डोंगरातला. माझ्यापेक्षा मोठा, लग्न झालेला, बोलायला तिखट. पलटणीत कुणी त्याला भित्रा म्हटलं की म्हणायचा, "आमी शिराळ्याचं. नाग गळ्यात घालून फोटू काढतो. तू तुजं बघ."

हल्ल्याच्या आदल्या दिवशी सुभेदारसाहेबांनी सगळ्यांना सुपारीच्या बागेत गोळा केलं आणि सांगितलं, समोर खाचरं आहेत, मग पाण्याचा चर, मग गाव. गावात शत्रूच्या पक्क्या खंदकातल्या मशीनगनी आहेत. आपल्या गना चर ओलांडून पलीकडच्या कडेवर वेळेत लागल्या, तर बाकीचे वर चढतील. नाही लागल्या, तर बाकीचे चरातच अडकतील. मग म्हणाले, "जादा काय असंल ते हितंच ठेवा. कांबळी, कपडे, ताटल्या. हलकं व्हा."

झाडाखाली ढीग पडत गेला. मी कांबळं ठेवलं. पण पिठ्ठू ठेवला नाही. मॅगझिनांची एक जादा पिशवी मी कुठून कुठून जमवून भरली होती, ती ठेवली नाही. दुसरी पाण्याची बाटलीही नाही. ज्ञानूनं माझ्याभोवती एक फेरी मारली.

"आरं, ह्यो काय बाजार मांडलायस?"

"लागलं तर, दादा."

"लागलं तर, लागलं तर! लडाईला निगालायस का पोरीला सासरी घालवाय?"

"गोळ्या कमी पडल्या तर?"

"तूच पोचला न्हाईस तर गोळ्या काय आपल्या पायानं येनार हायत का?" त्यानं पिशवी हातानं तोलून बघितली, चेहरा वाकडा केला आणि परत माझ्याच खांद्यावर टाकली. "मर मग वझ्याखाली." तो फिरून निघून गेला. रात्री जेवताना माझ्याशेजारी बसला नाही.

पहाटे आम्ही बागेच्या शेवटच्या टोकाला आलो. धुकं इतकं दाट होतं की पुढच्या माणसाची नुसती पाठ दिसायची, पाय नाहीत. इथं थांबायचं होतं. खुणेनं हुकूम आला, आडवे व्हा. सगळी पलटण चिखलात पसरली. आणि मी काय केलं? मी मागचा पिठ्ठू एका सुपारीच्या बुंध्याला टेकवला आणि उभ्या उभ्या दम खायला लागलो. मुद्दाम नाही. अंगालाच ते ठाऊक होतं. माझ्यापासून थोड्या अंतरावर आमच्याच भागातला आणखी एक जण तसाच झाडाला टेकून उभा होता, आणि त्याच्या पलीकडं आणखी एक.

पूर्वेला उजाडत होतं. धुकं पांढरं व्हायला लागलं होतं, आणि पांढऱ्यावर काळी उभी माणसं. मला ते कळतच नव्हतं. चिखलाचं एक ढेकूळ येऊन माझ्या टोपावर फुटलं. सुभेदारसाहेब पालथे पडून, दात आवळून, आवाज न करता शिव्या देत होते. ज्ञानूनं माझा घोटा धरून खाली खेचलं.

"मोळी घीऊन आलायस का रं?" तो कानाशी पुटपुटला. "दिसतोयस ना सगळ्या गावाला!"

मी बसलो, मग पडलो. वजनानं पाठ चिखलात रुतली. गावाकडनं धुक्यातून कोंबडा आरवला. कुणी तरी लपून राहिलं असावं तिथं, किंवा कोंबडाच मागं राहिला असेल.

मग सुभेदारसाहेबांचा हात हलला. चला.

सगळे उठले. मी उठू शकलो नाही. उताण्या पडलेल्या किड्यासारखा मी पाय झाडत होतो, पट्टे खांद्यात रुतत होते, आणि खालचा चिखल मला सोडत नव्हता. ओरडायचं नाही. आजूबाजूच्या पाठी धुक्यात शिरत होत्या. ज्ञानूची पाठही. मॅगझिनं माझ्याजवळ आणि गन त्याच्याजवळ. मी इथं राहिलो तर ती गन म्हणजे नुसतं लोखंड. मी हात वर केला. हाक नाही, नुसता हात.

त्यानं वळून बघितलंच कसं, हे मला आजही सांगता येत नाही. आदल्या रात्रीपासून तो माझ्याशी धड बोलला नव्हता. आला, गन डाव्या काखेत मारली, वाकला, माझ्या मनगटाला मिठी घातली. भारा उचलताना छातीतून निघतो तसा दबका हुंकार त्याच्या तोंडून आला आणि मी उभा होतो. त्याच झटक्यात त्यानं ती जादा पिशवी माझ्या खांद्यावरून काढून आपल्या गळ्यात अडकवली.

"दादा, ती…"

"गप चल."

बांधावरून जायचं नव्हतं. खाचरातला प्रत्येक माणूस बांधावरूनच चालतो हे शत्रूलाही माहीत होतं, त्याच्या गना बांधावर लावलेल्या होत्या. म्हणून आम्ही खाचराच्या पोटातून निघालो. माझं काळ्या रानातलं शहाणपण तिथं काही कामाचं नव्हतं. ज्ञानूकडं डोंगरात भात होतं. तो मागं न बघता सांगत होता, "टाच टेकू नगंस. चवडा तिरका टाक. धसकटाच्या मुळावर पाय दे, ती धरत्यात." मी मुळं शोधत गेलो. पहिली गोळी डोक्यावरून गेली तेव्हा मला देश आठवला नाही, आई आठवली नाही. डावा पट्टा घसरतोय, एवढंच डोक्यात होतं.

मग सगळीकडून एकदमच सुरू झालं. खाचरातलं पाणी उडायला लागलं, जसं गारांत उडतं. डाव्या हाताला बांधाची कड फुटत फुटत पुढं सरकत होती. चर आला. आम्ही आत उडी मारली, कमरेच्या वर पाणी, थंडगार. माझा पिठ्ठू प्यायला लागला. एकेक वस्तू दुप्पट होत गेली. पुढं ज्ञानू होता, गन दोन्ही हातांनी पाण्याच्या वर धरलेली. पलीकडच्या कडेला त्यानं छाती लावली आणि तसाच थांबला. मला वाटलं दम खातोय. मग त्याचा उजवा हात सुटला आणि पाण्यात पडला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

गन एका हातावर आली होती. ती खाली जात होती. मी पोहोचलो, त्याला काखेत धरलं.

"मला न्हाई," तो म्हणाला. ओठ पांढरे. "हिला उचल."

"दादा, तुमी…"

"सगळं टाक. आदी त्ये टाक!"

माझी बोटं गारठून लाकूड झालेली. बक्कल निघेना. त्यानं गन माझ्या छातीवर रेलवली आणि डाव्या हातानं माझं बक्कल सोडलं. पिठ्ठू गेला, फावडं गेलं, बाटल्या गेल्या. बुडबुडे आले आणि संपले. मी एकदम इतका हलका झालो की पाय पाण्यातून सुटतील असं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच भीती वाटली. त्यानं गळ्यातली पिशवी वाकून माझ्या गळ्यात सोडली. मग गनच्या दस्त्याखाली आपला धडका हात घातला आणि ती माझ्या खांद्यावर चढवली. नीट बसली का ते बघितलं. "जा."

तो खाली सरकला असता तर पाणी तोंडाला आलं असतं. म्हणून मी त्याला उभाच कडेला टेकवला, पाठ मातीत दाबून, पट्टा एका मुळाला अडकवून. आणि गेलो. बस, एवढंच. मागं बघितलं नाही.

कडेवर चढून गन लावली. चालली. मध्येच अडकली, तेव्हा माझ्या डाव्या-उजव्या बाजूला चरातून वर येणारी आमची माणसं होती आणि तो क्षण संपता संपेना. हातांना शिकवलेलं तेच केलं, ती परत बोलायला लागली. माणसं माझ्या पुढं गेली, गावात शिरली. पिशवीतलं शेवटचं मॅगझीन लावलं तेव्हा पलीकडचा आवाज थांबला.

दुपारी मी चराकडं परत आलो. मूळ होतं, पट्टा नव्हता, ज्ञानू नव्हता. जखमींना नेणारे येऊन गेले होते. जिवंत नेला की कसा, हे कुणाला सांगता येईना. लढाई पुढं सरकली आणि मीही.

आता इथं छावणीत पोरांचे पिठ्ठू मी तपासतो. वरून हात घालून तळापर्यंत चाचपतो. कुणी घरचा गूळ लपवलेला असतो, कुणी देवाचा फोटो, कुणी उगीचच दोन-दोन साबण. काय टाकायचं ते मला सांगायचं असतं. प्रत्येक वेळी माझी जीभ अडखळते. त्या पिशवीवरून ज्ञानू मला रागावला होता आणि बरोबर होता. त्या पिशवीतल्या गोळ्या कामाला आल्या. दोन्ही खरं आहे. या पोरांना मी त्यातलं कुठलं एक देऊ? मी एवढंच सांगतो, "निम्मं काढ." आणि ते कुठलं निम्मं, हे ज्याचं त्यानं ठरवावं म्हणून तोंड फिरवतो.

त्या लढाईनंतर मला सुट्टी मिळाली ती शिमगा होऊन गेल्यावर. तोवर पलटणीत कळलं होतं की ज्ञानू जगला, हात गेल्यासारखा आहे, त्याला घरी पाठवलं. साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो तर पेन्शनीतले दोन म्हातारे सैनिक भोवती आले, कुठली पलटण, कुठं होतास, चहा घे. त्यांनी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. मी घरी जायच्या आधी शिराळ्याची गाडी धरली. घाट, वळणं, डिझेलचा वास. त्याला मी चरात ठेवून गेलो होतो. हुकूम तसाच होता, त्यानंच जा म्हटलं होतं. पण घरात बसून माणूस काय काय विचार करतो कुणास ठाऊक. तो विचारेल तेव्हा काय सांगायचं ते मी गाडीत शंभरदा जुळवलं आणि शंभरदा मोडलं.

तो सोप्यात भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. मला बघून हसला नाही की उठला नाही. वहिनींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दारातच उभ्या राहिल्या.

"दादा," मी म्हणालो, "त्या दिशी मी तुमास्नी…"

"थांब जरा," त्यानं डावा हात वर केला. "आदी मला सांग. गन चालली का?"

मला क्षणभर कळेना तो काय विचारतोय.

"चालली."

"कुटवर?"

"गाव घेस्तवर. एकदा अडकली मदीच."

तो पुढं सरकला. "मग?"

"मॅगझीन काडलं, गुडघ्यावर आपटलं, परत बशिवलं."

"पाठीकडनं आपटलंस का तोंडाकडनं?"

"पाठीकडनं."

"आगं, ऐकलंस का?" तो दाराकडं बघून म्हणाला. "पाठीकडनं आपटलं म्हनतोय."

"ऐकलं, ऐकलं," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "आवं, दवाखान्यात दाक्तरला इचारलं, नर्सबाईला इचारलं, हितं आल्यावर पोस्टमनला सुदिक सोडलं न्हाई. त्या बिचाऱ्याला काय ठावं? रातचं उटून बसत्यात. चिखूल गेला आसंल, अडकली आसंल, पोरं मेली आसतील. डोळ्याला डोळा न्हाई ह्यंच्या."

"पोरं?" ज्ञानूनं हळूच विचारलं.

"चरात दोगं गेली," मी म्हणालो. "गन लागायच्या आदी."

"आदी?"

"आदी. नंतर कुनी न्हाई."

त्यानं मान हलवली. एकदा, मग आणखी एकदा. मग म्हणाला, "त्येला जेवाय वाढ. लांबनं आलाय."

वहिनी आत गेल्या. चुलीवर तवा बसला. ताटं घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा ज्ञानूची मान छातीवर उतरली होती, तोंड जरासं उघडं, श्वास खोल चाललेला. वहिनी दारातच थबकल्या. त्यांनी त्याचं ताट जमिनीला न लावता तसंच हातात धरलं, माझं माझ्यापुढं अलगद ठेवलं आणि ओठावर बोट ठेवलं.

मी भाकरी मोडली, आवाज होऊ न देता.